इंजिन बसलं, मग पुन्हा कसं उभं केलंत? (अनुभव धागा)

आप्पा_नाशिककर
सकाळी सोसायटीत कुणाचीतरी जुनी जिप्सी शिरली आणि तो ठोका ऐकू आला. खालून येणारा, जड, रेस दिली की वाढणारा. चहा ठेवून गॅलरीत धावलो. बायको म्हणाली, "झालं, आता दिवसभर इंजिन."

आमची जिप्सी ऑटोक्रॉसला (घड्याळ लावून पळायची शर्यत) पळायची. इंजिन १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं. मातीच्या ट्रॅकवर एक लांबलचक डावं वळण होतं, तिथे ऑइलचा दिवा लुकलुकला आणि पुढच्या सरळ पट्ट्यात ठोका सुरू. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवलं तर तळाला चमकी, म्हणजे बेअरिंगच्या धातूचा कीस! तिसऱ्या रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बेअरिंग फिरलेलं, तांबं उघडं पडलेलं. लांब वळणावर ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढतं, स्ट्रेनर (ऑइल ओढणारी जाळी) हवा ओढतो, बेअरिंगला तेवढं पुरतं.

क्रँक ०.२५ मिमीला ग्राइंड केला, त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग घातली, चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड केले. पण निम्मं काम धुण्याचं. क्रँकच्या ऑइलच्या भोकांतून बारीक ब्रश फिरवला तरी दरवेळी काळं येतच होतं. ऑइल कूलर धुतलाच नाही, नवा घेतला. जुन्याच्या जाळीतली चमकी कधी सुटून नव्या बेअरिंगमध्ये शिरेल, नेम नाही.

लिहा तुमचंही. गो-कार्ट, कॉलेजची गाडी, काहीही चालेल.

सायली_क
फॉर्म्युला स्टुडंटवाले (कॉलेजच्या पोरांनी रेसकार बनवून पळवायची स्पर्धा) हात वर!! आमचं बाइकचं सिंगल सिलिंडर इंजिन. बाइक वळताना कलते म्हणून ऑइल तळाशीच राहतं. गाडीत तेच इंजिन ताठ बसतं, मग ऑइल जातं बाजूला. कोइम्बतूरला करी ट्रॅकवर २२ किमीच्या एंड्युरन्स फेरीत ड्रायव्हर बदलायच्या आधीच इंजिननं राम म्हटलं. परत आल्यावर हॉस्टेलच्या खोलीत खोललं. रेक्टर सर आले, बघितलं, म्हणाले "हे पलंगावर का आहे?" बाकी काही बोलले नाहीत

मिसळप्रेमी
पलंगावर 😂😂

रांगडा_कोल्हापूर
कार्ट, टू स्ट्रोक. डिसेंबरातली सकाळ, जेट (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारा) आदल्या दुपारचाच. थंड हवा जड असतीय, पेट्रोल कमी पडलं, मिश्रण लीन झालं आणि पिस्टन चिकटला. मागची चाकं जागच्या जागी लॉक. बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेलं ॲल्युमिनियम मिस्त्रीनं ॲसिड लावून काढलं, मग होनिंग (बोअर हलकं घासणं), नवा पिस्टन. अंगठ्याचं नख बोअरवर फिरवून म्हणाला "अडकत न्हाई, चालतंय." अडकलं असतं तर रीबोअर, म्हणजे बोअर कापून मोठा करायचा.

मेधा_वि
वाचतेय. इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण भाऊ हेच करायचा. आईची पुरणाची परात रॉकेलमध्ये व्हॉल्व्ह धुवायला नेली होती. होळीच्या आदल्या दिवशी!

आप्पा_नाशिककर
मेधाताई, परत मिळाली का परात?

मेधा_वि
मिळाली. आईनं घेतली नाही 😄

धुरळा
फोनवरून लिहितोय, थोडक्यात. पिस्टनच्या रिंगा गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) मोजल्याशिवाय बसवू नका. ढोबळ हिशेब: बोअरच्या दर इंचाला ४ थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७४ मिमी बोअर म्हणजे सुमारे १२ थाउ, ०.३० मिमी. ट्रॅकच्या गाडीला जरा जास्तच ठेवा. गॅप कमी पडली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, मग पिस्टनच तुटतो. आणि पहिल्यांदा चालू करताना आधी प्लग काढून नुसता सेल्फ मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मुलगी क्लासहून आली, उरलेलं रात्री

सायली_क
@धुरळा रन-इनबद्दलही (नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं) लिहा ना. आमच्यात दोन गट आहेत, एक म्हणतो हळू चालवा, दुसरा म्हणतो पहिल्यापासून लोड द्या. भांडण अजून मिटलेलं नाही

रांगडा_कोल्हापूर
आप्पा, क्रँक ग्राइंडिंगवाला कोण तुमचा? आमच्याकडचे म्हातारे झाले, पोरं सीएनसीवर गेली.

आप्पा_नाशिककर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फक्त सोमवारी जाऊ नका, त्यांच्याकडे लाइट नसते.

मिसळप्रेमी
रॉकेल हल्ली मिळतं कुठे पण? सायकलची चेन धुवायची होती

धुरळा
डिझेल वापरा. वास आठवडाभर जात नाही, तेवढं घरच्यांशी आधी बोलून घ्या