तुमच्या कॉलेजची फी नक्की ठरवली कोणी? (अनुभव धागा)

परवा कपाट आवरताना माझी एफवायची फी पावती सापडली. अनुदानित कॉलेज, त्यामुळे शिक्षण शुल्क किरकोळ, पण खाली चौदा-पंधरा ओळी. जिमखाना, मासिक, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण, आपत्ती निधी, अश्वमेध. अश्वमेध म्हणजे आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव हे मला नोकरीला लागल्यावर कळलं, तोवर वाटायचं कुठेतरी यज्ञबिज्ञ चालू असेल आपल्या पैशांनी. शिक्षण शुल्कावर सरकारचा हात, परीक्षा फी विद्यापीठाची, एवढं ढोबळ माहीत आहे, पण बाकीच्या ओळी कोण लिहितं? सरकारी-अनुदानित कॉलेजांत शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी, काउंटरच्या आत बसणाऱ्यांनीही लिहा. फी कोणी ठरवावी यावर मत असेल तर चालेल, पण आधी अनुभव, नाहीतर नुसतं राजकारण होतं (माझंही).

*

मी काउंटरच्या आतली, आता रिटायर. विद्यापीठाचं परिपत्रक यायचं, तो तक्ता आम्ही जसाच्या तसा उतरवायचो. फक्त ‘इतर’ हे हेड आमचं. गॅदरिंगला कमी पडतायत, ५० टाका, असं सर म्हणायचे आणि मी टाकायचे. १८०० मुलं, म्हणजे ९० हजार झाले की हो, आणि ठराव नाही, मीटिंग नाही, काही नाही. एकदा एका मुलाच्या आईने पावतीवर बोट ठेवून विचारलं, हे इतर म्हणजे काय ओ? मी म्हटलं वरून आलंय. वरून म्हणजे वरच्या मजल्यावरून. ती बाई बिचारी मान हलवून गेली, ते अजून आठवतं.

*

आमच्याकडे तर एकाच बिल्डिंगमध्ये दोन दर. तळमजल्यावर बीएस्सी, अनुदानित. दुसऱ्या मजल्यावर बीएस्सी कॉम्प्युटर, विनाअनुदानित, फी कितीतरी पट. लायब्ररी तीच, पाण्याची टाकी तीच, शिपाईकाका तेच. कारण साधं, खालच्यांचे पगार सरकार देतं, वरच्यांचे आम्ही द्यायचो. आणि ते तरी किती, आमचे सर तासिका तत्त्वावर, सुट्टीत पगार शून्य. मग माझी फी जायची कुठे हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, पण १८व्या वर्षी कँटीनच्या पलीकडे प्रश्न पडत नाहीत.

*

मी आयआयटीतला. २०१६ साली नवीन येणाऱ्यांची वर्षाची ट्यूशन फी ९० हजारांवरून २ लाख झाली. मी आधीच्या बॅचचा, त्यामुळे वाचलो. एकाच विंगमध्ये मी ९०चा आणि शेजारचा ज्युनियर २ लाखांचा. पण त्याच वेळी एससी, एसटी, दिव्यांग आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफी दिली. म्हणजे कागदावर योग्यच. गंमत उत्पन्नाच्या दाखल्यात. माझ्या रूममेटचे वडील शाळेत शिक्षक, पगार फॉर्म १६वर छापलेला, उत्पन्न ५ लाखांच्या जरा वर, त्यामुळे दोन तृतीयांश माफीही नाही. शेजारच्या विंगमध्ये एकाच्या घरी दोन गाड्या, दाखला मात्र लाखाच्या आत. फी दिल्लीत ठरली आणि माफी तहसील कचेरीत, असं आम्ही म्हणायचो.

*

थोडं उलटं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. अनुदानित कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सरकार पगार देतं, वेतनेतर अनुदानाचा, म्हणजे पगार सोडून बाकीच्या खर्चासाठीच्या पैशांचा, मात्र कायम दुष्काळ. लॅब फी कित्येक वर्षं हललेली नाही, कारण वाढवली की मोर्चा. परिणाम असा की टायट्रेशन मी समोर करून दाखवतो आणि ६० मुलं लांबून बघतात. फी कमी ठेवायची तर ठेवा, माझी काही हरकत नाही, पण जो आकडा गोठवतो त्यानेच ॲसिडच्या बाटलीचे पैसे पाठवावेत. कॉलेजला ठरवू द्या असंही मी म्हणणार नाही, वरच्या ताईंचं ‘इतर’ वाचलं आत्ताच. खासगी इंजिनिअरिंगवाल्यांना निदान २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणापुढे खर्चाचे हिशेब मांडावे लागतात. आमचा हिशेब कोणी बघतच नाही, ना मुलांचे पालक ना आम्ही.

*

+१ सर. मी विद्यार्थी प्रतिनिधी होतो, म्हणजे मार्कांवर नेमलेला. राज्यात कॉलेजच्या खुल्या निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्या, २०१६च्या विद्यापीठ कायद्याने परत आणल्या, पण कागदावरच. वर्षातून एकदा प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलवायचे, समोसा यायचा, रजिस्टरवर सही. एकदा चुकून वरचं वाचलं तर फीवाढीला विद्यार्थ्यांची संमती असं लिहिलेलं. समोसा खाऊन झाला होता. सही केली. 🙈

*

मुलीच्या इंजिनिअरिंग ॲडमिशनचा अनुभव, २०२४. जुलैमध्ये जीआर आला, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आम्ही आनंदात गेलो. काउंटरवर म्हणाले आधी सगळे भरा, महाडीबीटीवरून (सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) येतील तेव्हा येतील. मी मोबाईलवर जीआर दाखवला तर म्हणे आम्हाला अजून काही आलेलं नाही. तीन तास उभे. शेवटी मुलगीच साहेबांकडे गेली आणि हमीपत्रावर काम झालं. पण विकास शुल्क वेगळं, ते माफीत बसत नाही, तिथल्या तिथे भरावं लागलं. ‘मोफत शिक्षण’ म्हणून ज्या नातेवाइकांना पेढे वाटले ते आता विचारतात, मग कर्ज कशाला काढलं.

*

काका, मी ती काउंटरवाली. पावती आणि हमीपत्राची झेरॉक्स जपून ठेवा. दुसऱ्या वर्षी काउंटरला माणूस बदललेला असतो आणि तो पुन्हा पहिल्यापासून विचारतो. आणि ‘इतर’समोर किती लिहिलंय ते बघून इथे टाका जरा.

*

बघितलं ताई. १,५००. विचारलं तर म्हणाले, वरून आलंय.