पोहणे सुटलेल्या मुलाने चौदाव्या वर्षी बास्केटबॉल धरला, तर उशीर झाला का? (विषय: टिम डंकन)

होटगी रोडकर (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा जूनमध्ये नववीत जाईल. पाच वर्षे तो नियमित पोहत होता. परंतु ज्या तलावावर त्याचा सराव चाले, तो दुरुस्तीसाठी बंद होऊन सात महिने झाले आणि दुसरीकडे शाळेच्या वेळेशी जुळणारी बॅच मिळाली नाही. दरम्यान तो मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळू लागला आणि आता त्याला दुसरे काही सुचत नाही. त्याची उंची पाच फूट दहा इंच आहे. एका प्रशिक्षकांनी मात्र तोंडावरच सांगितले की बाकीची मुले पाचवीपासून खेळत आहेत, तेव्हा याने आता हौसेपुरतेच खेळावे. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. एका स्नेह्यांनी टिम डंकन या अमेरिकेतील निवृत्त बास्केटबॉलपटूचे उदाहरण दिले, की तोही आधी पोहणारा होता. ही हकिगत खरी आहे का, आणि तिच्यातून मुलाला काय सांगावे?

निवृत्त पीटी शिक्षक

हकिगत खरी आहे, पण ती सहसा अर्धीच सांगितली जाते. डंकनचा जन्म १९७६ चा, कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय या छोट्या बेटावरचा. त्याची थोरली बहीण ट्रिशिया १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये पोहली होती आणि त्यालाही तीच वाट धरायची होती. ४०० मीटर फ्रीस्टाइल ही त्याची शर्यत. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळाने बेटावरचा एकमेव मोठा तलाव उद्ध्वस्त केला. मुलांना समुद्रात सराव करायला सांगण्यात आले, पण डंकनला शार्कची भीती वाटे. एवढ्यावर गोष्ट संपवतात आणि वादळाने एक बास्केटबॉलपटू घडवला असे म्हणून मोकळे होतात. खरा घाव पुढचा आहे. त्याची आई कर्करोगाने आजारी होती आणि एप्रिल १९९० मध्ये, त्याच्या चौदाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ती गेली. शर्यतीत काठावरून सर्वांत मोठ्याने ओरडणारी तीच होती. त्यानंतर त्याचे मन पोहण्यात रमले नाही.

मग महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळलेल्या मेव्हण्याने त्याला हाताशी धरले. तेव्हा डंकन फारसा उंच नव्हता, म्हणून मेव्हण्याने त्याला गार्डची कामे, म्हणजे चेंडू हाताळणे आणि पास देणे, शिकवली. पुढे तो सहा फूट अकरा इंच झाला, पण लहान चणीच्या खेळाडूचे ते हात तसेच राहिले. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेच्या २००३ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात त्याने २१ गुण, २० रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणे), १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ८ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा शॉट अडवणे) केले. एवढ्या उंच माणसाचे दहा असिस्ट कोठून आले, याचे उत्तर मला तरी त्या सुरुवातीच्या वर्षांत दिसते. आपल्याकडे उंच मुलगा दिसला की त्याला रिंगखाली उभा करून टाकतात. आपल्या चिरंजीवांचे तसे होऊ देऊ नका.

बोर्ड शॉट

मास्तरांनी जीवनकथा सांगितली, मी एका शॉटपुरतेच लिहितो. डंकनला 'बिग फंडामेंटल', म्हणजे मूलभूत गोष्टींत पक्का, म्हणत, कारण त्याच्या खेळात दिखाऊ काही नव्हते. रिंगच्या बाजूला साधारण पंचेचाळीस अंशांत उभे राहायचे, रिंगमागच्या बोर्डावरील आतल्या चौकोनाचा जवळचा वरचा कोपरा बघायचा आणि चेंडू हलक्या हाताने तेथे टेकवायचा. बोर्डच त्याला जाळीत उतरवतो. जगभर मुले हा शॉट जुनाट म्हणून टाळतात, पण याच शॉटवर हा माणूस १९ हंगाम खेळला, तेही एकाच संघाकडून, आणि सॅन अँटोनियो स्पर्सला त्याने पाच अजिंक्यपदे मिळवून दिली: १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४.

आपल्याकडील सिमेंटच्या कोर्टवर वाऱ्यात लांबून टाकलेला चेंडू भरकटतो, रिंगला अनेकदा जाळीच नसते. अशा ठिकाणी बोर्डाचा आधार घेणारा शॉट सर्वांत भरवशाचा. मुलाला दोन्ही बाजूंनी रोज शंभर शॉट टाकायला सांगा. फक्त उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत उरकावे, आपल्या सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको.

जुळे सोलापूर

वरील दोघांचे म्हणणे मान्य करूनही एक सावधगिरीची गोष्ट लिहिते, कारण माझी मुलगी राज्य पातळीपर्यंत खेळली आहे. डंकन उशिरा सुरू करून यशस्वी झाला, याचा अर्थ उशिरा सुरू करणारा प्रत्येक जण होतो असा नाही. उंची त्याला निसर्गाने दिली आणि घरातच शिकवणारा मिळाला. मला त्याच्या कथेतील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. आपण पदवी घेऊ असे आईला दिलेले वचन त्याने पाळले. वेक फॉरेस्ट विद्यापीठ मध्येच सोडून व्यावसायिक खेळात जाण्याची संधी समोर असूनही तो चारही वर्षे शिकला, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि त्यानंतर, १९९७ मध्ये, एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. थांबल्यामुळे त्याचे काहीच अडले नाही. तेव्हा नववी-दहावी आणि खेळ यांत भांडण लावू नका.

जाता जाता एक: २०१६ मध्ये कोबी ब्रायंट या दुसऱ्या नामवंत एनबीए खेळाडूचा अखेरचा हंगाम गावोगावच्या निरोपांनी गाजला. त्याच उन्हाळ्यात डंकन मात्र संघाच्या एका साध्या पत्रकावर निवृत्त झाला. तोपर्यंत त्याचे नियमित हंगामाचे १,३९२ सामने झाले होते. हा स्वभाव मला आवडतो.

होटगी रोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपला इशारा मुलाच्या आईने मोठ्याने वाचून दाखवला आणि दहावीपर्यंत शिकवणी सुटणार नाही असे घरात ठरले. आज सकाळी सहाला आम्ही दोघे कोर्टवर गेलो. बोर्डावरील चौकोनाचा रंग पार उडाला होता, म्हणून माझ्या खांद्यावर चढून त्याने खडूने त्याचा वरचा कोपरा तेवढा काढून घेतला. उजव्या बाजूने पन्नासांपैकी एकोणीस पडले, डाव्या बाजूने सात. डाव्या बाजूचा शॉट डाव्याच हाताने टाकावा का, हे बोर्ड शॉट यांनी कृपया सांगावे. मुलगा विचारतो आहे.

बोर्ड शॉट

नाही, उडी घेऊन टाकायचा शॉट दोन्ही बाजूंनी उजव्याच हाताने टाकू द्या. डावा हात ले-अपसाठी, म्हणजे पावले टाकत रिंगपाशी येऊन टाकायच्या शॉटसाठी, तयार करावा, पण तो रिंगच्या अगदी जवळून, आणि पहिला महिनाभर चेंडू न आपटता, नुसत्या दोन पावलांत.