शब्दचर्चा: मोबाइल टॉवरचे प्रारण की किरणोत्सर्ग?

कोथरूडकर: सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा प्रस्ताव आहे. सभेच्या सूचनेत 'टॉवरचा किरणोत्सर्ग' आणि 'मर्यादा १.६' असे छापलेय, एकक नाही. शब्द बरोबर आहे का?

भौतिकी: नाही. युरेनियम, रेडियमसारख्या मूलद्रव्यांची अस्थिर अणुकेंद्रे आपोआप फुटून जे बाहेर पडते तो किरणोत्सर्ग. अँटेनातून निघतात रेडिओलहरी. त्यांना विद्युतचुंबकीय प्रारण म्हणावे. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते, म्हणून हे अनायनीकारी प्रारण. तीव्रता फार वाढली तर ऊती तापतात आणि मर्यादा त्या तापण्यावरूनच ठरवल्या आहेत. नारायणगावजवळ खोडदच्या रेडिओ दुर्बिणी आकाशातून टिपतात तेही प्रारणच. तिथे कुणी किरणोत्सर्ग म्हणत नाही!

मुद्रितशोधक: पण 'प्रारण' सभेत किती जणांना कळेल? सरळ 'रेडिओलहरींची तीव्रता' लिहा. घाबरवणाऱ्या चुकीच्या शब्दापेक्षा ते केव्हाही बरे.

दूरसंचार: एककाची चूक जास्त गंभीर आहे. १.६ हा आकडा टॉवरचा नाहीच, हँडसेटचा आहे. तो एसएआर, म्हणजे शरीर फोनची ऊर्जा ज्या दराने शोषते त्याची मर्यादा: १.६ वॅट प्रति किलोग्रॅम, तोही एक ग्रॅम ऊतीवरची सरासरी. भारतात तो १ सप्टेंबर २०१२ पासून लागू झाला. युरोपात डोक्यासाठी २ आहे, पण सरासरी दहा ग्रॅमवर, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. टॉवरसाठी वॅट प्रति चौरस मीटर: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५, १८०० ला ०.९. आयसीएनआयआरपी या अनायनीकारी प्रारणापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सुचवलेल्या पातळीचा हा दहावा भाग.

कोथरूडकर: आणि 'एसएआर'ला मराठीत काय? कमी एसएआरचा फोन घेतला की झाले?

भौतिकी: विशिष्ट शोषण दर. 'विशिष्ट उष्णता'मधला विशिष्ट, म्हणजे वस्तुमानाच्या एककामागे. 'ठरावीक' असा अर्थ लावू नका.

दूरसंचार: तेवढ्याने भागत नाही. तो आकडा फोन पूर्ण शक्तीवर चालवून मोजलेला असतो. रोजच्या वापरात फोन आपली शक्ती सिग्नलप्रमाणे कमीजास्त करतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा लिफ्टमध्ये एकच दांडी दिसत असेल तर तो जोर लावतो आणि बोलणाऱ्याच्या डोक्यात जास्त ऊर्जा जाते. म्हणून टॉवर लांब गेला की फोनमुळे होणारे शोषण उलट वाढू शकते, ही गोष्ट सभेत जरूर मांडा. कमकुवत सिग्नलला इअरफोन किंवा स्पीकर वापरा. *#०७# डायल केल्यावर बऱ्याच फोनवर एसएआर दिसतो. अंगाजवळची चाचणी कितीवर केली ते अंतर पुस्तिकेत असते, ते पाहा. फोन खिशात थेट अंगाला टेकला तर ते अंतर उरत नाही.

मुद्रितशोधक: मग सूचनेतली ओळ अशी करा: 'टॉवरच्या रेडिओलहरींची तीव्रता ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत असावी. मोजणीचा अहवाल कंपनीने सभेत ठेवावा.' टॉवर वारंवारतेच्या एकाहून जास्त पट्ट्यांवर (९००, १८०० मेगाहर्ट्झ वगैरे) चालणार असेल तर प्रत्येक पट्ट्याची मर्यादा वेगळी लिहा.