मदत हवी आहे: स्वादुपिंडाला सूज, शुगर १८६ आणि तरी कीटोन ३ प्लस?

गोदाकाठ
बाबांना परवा रात्रीपासून पोटात भयंकर दुखतंय, कळ थेट पाठीत जाते. लिपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) १८४०. पॅन्क्रियाटायटिस म्हणून ॲडमिट केलंय. आज युरिनमध्ये कीटोन ३ प्लस आले, पण शुगर फक्त १८६. राउंडवरचे डॉक्टर "बघू" म्हणून पुढे गेले. कीटोन तर शुगर ४००-५०० झाली की वाढतात ना? माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

सुमेधा_लॅब
डायबेटिस आहे का? गोळ्या कोणत्या? उलट्या? कधीपासून उपाशी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवारा
घाबरू नका. माझ्या मेव्हण्यालाही असंच झालं होतं. पोटात अन्न नाही म्हटल्यावर शरीर चरबी जाळतं, कीटोन येणारच. आम्ही नारळपाणी सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी कीटोन गेले.

सुमेधा_लॅब
रानवारा, वॉर्डात न विचारता या पेशंटला तोंडाने काही द्यायला सांगू नका. उपासाने कीटोन येतात, मान्य. पण स्वादुपिंड सुजलं की इन्सुलिनही कमी पडतं, आणि दुखण्याच्या ताणाने ग्लुकागॉन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात. मग चरबी सुटत राहते आणि यकृत तिचे कीटोन करत बसतं. नुसत्या उपासापेक्षा हे वेगळं आहे.

फॅट_फर्स्ट
मी २ वर्षं कीटो डाएटवर आहे. माझे कीटोन कायम १.५ असतात आणि तब्येत ठणठणीत. उगाच बाऊ नको.

रानवारा
तेच म्हणतोय मी.

निळी_छत्री
मेडिक्लेम कॅशलेस आहे का? २४ तासांच्या आत कळवा, आमचा क्लेम त्यावरच अडकला होता.

गोदाकाठ
डायबेटिस १२ वर्षं. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराईड आणि चार महिन्यांपासून डॅपाग्लिफ्लोझिन. उलट्या परवापासून. आई घरच्या डब्यातली डॅपा आज सकाळपर्यंत देत होती, कुणी नको म्हणालं नव्हतं.

सुमेधा_लॅब
दादा, हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं! डॅपामुळे साखर लघवीवाटे जाते, म्हणून शुगर २०० च्या आत असतानाही कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) होऊ शकतो. आत्ता उठा, ड्युटीवरच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. रक्तातले कीटोन आणि एबीजी (रक्तातलं आम्ल, म्हणजे पीएच दाखवणारी तपासणी) करायला सांगा. युरिनची पट्टी ॲसिटोॲसिटेट पकडते, मुख्य कीटोन बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट तिला दिसतच नाही.

कडुनिंब
उलटंही असू शकतं. कीटोॲसिडोसिसमध्ये पॅन्क्रियाटायटिस नसतानाही लिपेज वाढतं. सीटी केला का?

सुमेधा_लॅब
वाढतं, पण सहसा इतकं नाही. इथे दुखणंही पाठीत जाणारं आहे. ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) मात्र बघायला हवेत. ते १००० च्या वर असतील तर सूज त्यांच्यामुळेही असेल.

गोदाकाठ
रक्तातले कीटोन ४.१, पीएच ७.२४. आयसीयूत हलवलं, डॅपा बंद. इन्सुलिनची ड्रिप लावली आणि सोबत डेक्स्ट्रोज. शुगर असताना वरून साखर कशाला? आई फार घाबरलीय.

सुमेधा_लॅब
कीटोन बनणं थांबवायला इन्सुलिन चालू ठेवावं लागतं. त्याने शुगर खाली जाऊ नये म्हणून डेक्स्ट्रोज. पोटॅशियम वरचेवर तपासतील, रक्त पुन्हा पुन्हा काढलं तर घाबरू नका. आईंना सांगा, त्यांची चूक नाही.

गोदाकाठ
सांगितलं, ताई. पहाटे परत एबीजी आहे, मग लिहितो.