कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे महापालिकेने बाहेरच्या संस्थेकडे सोपवावेत का?

गिरणाकाठ
अमेरिकेतील कित्येक शहरे कामगारांच्या अपघातांची जोखीम विमा कंपनीवर न टाकता स्वतःच उचलतात आणि दाव्यांची कागदपत्रे, वैद्यकीय बिले व मुदती सांभाळण्यासाठी निविदा काढून बाहेरची प्रशासक संस्था नेमतात. २००३ साली महापालिका झालेल्या जळगाव आणि धुळे या आपल्या दोन शहरांनीही हा मार्ग धरावा, असे माझे मत आहे. भरपाईचा १९२३ चा कायदा, ज्याच्या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतल्या गेल्या, उशिराबाबत कडक आहे. देय रक्कम महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के सरळ व्याज लागते आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. चाळीस वर्षांच्या कामगाराची एका हाताची दोन बोटे गेली, तर अनुसूचीप्रमाणे २० टक्के अपंगत्व धरून १५,००० रुपयांच्या मासिक वेतनमर्यादेवर ३,३१,५०६ रुपये होतात. तीन वर्षे फाइल पडून राहिली की त्यावर सुमारे १ लाख १९ हजारांचे व्याज चढते, आणि ते करदात्याच्या खिशातून जाते.

जुनी बारनिशी
हिशेब बरोबर आहे, निदान चुकले आहे. आस्थापना विभागात माझी उभी नोकरी गेली, म्हणून सांगतो की फाइल माणसे कमी आहेत म्हणून अडत नाही, सही करायची नसते म्हणून अडते. घंटागाडीच्या मागच्या फाळक्यात बोटे सापडलेल्या एका कामगाराचे प्रकरण मी हाताळले आहे. त्या दिवशीच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ठेकेदाराने नंतर रजा दाखवली होती आणि पंचनाम्यावर तारीखच नव्हती. आरोग्य, विधी आणि लेखा या तीन विभागांत फाइल फिरत राहिली. त्याची बायको दर सोमवारी साडीच्या दुकानाच्या पिशवीत कागद घालून यायची आणि विचारायची, ‘सायेब, आते कोनाकडे जावानं?’ बाहेरची संस्था नेमली तर तिला चौथे टेबल मिळेल, एवढेच. ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालक म्हणून आधी महापालिकेने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९२३ च्या कायद्याच्या कलम १२ मध्येच स्वच्छ लिहिले आहे. ही जबाबदारी निविदा काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

गिरणाकाठ
जबाबदारी सोपवा असे मी म्हटलेलेच नाही, काम सोपवा म्हटले आहे. तुमच्या त्या सोमवारच्या बाईला एकच खिडकी आणि एकच दावा क्रमांक मिळाला असता, तर तिच्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या.

पांझरेचे पाणी
मी सफाई कामगारांच्या संघटनेत काम करतो आणि माझा आक्षेप वेगळाच आहे. या संस्थेला पैसे कशाचे मिळणार, हे कोणीच बोलत नाही. दावा जितका कमी रकमेत मिटेल तितके शुल्क अधिक, असा करार झाला तर ती संस्था कामगाराची वैरीण होईल. आरोग्य विम्यातल्या टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या बाहेरच्या संस्थेची, ‘आणखी एक कागद द्या’ अशी पत्रे ज्यांनी झेलली आहेत, त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही. अर्धवट रकमेवर अंगठा घेऊन हक्क सोडल्याचे लिहून घेण्याचा प्रकारही होईल. तो करार त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दच ठरतो, पण अंगठा देणाऱ्याला ते सांगणार कोण? मृत्यूच्या दाव्यात तर संस्थेला वाटाघाटीला जागाच नाही, कारण ती रक्कम कायद्याखालील आयुक्तांकडेच जमा करावी लागते (महापालिकेचे आयुक्त नव्हेत, हा घोळ आमच्या लोकांचा नेहमी होतो). शिवाय गटारात उतरून मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला ३० लाख द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आहे. तिथे ही प्रशासक संस्था काय ठरवणार?

गिरणाकाठ
शुल्काचा मुद्दा मान्य आहे. मग दर दाव्यामागे ठरावीक शुल्क ठेवा, आणि महिन्याची मुदत संस्थेमुळे चुकली तर त्या काळाचे व्याज तिच्या बिलातून कापा.

जुनी बारनिशी
ही अट असेल तर माझा विरोध थोडा सौम्य होतो, संपत नाही. ज्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू आहे त्यांना हा दावा करताच येत नाही, ते वगळल्यावर वर्षाला किती प्रकरणे उरतात हे मोजल्याशिवाय निविदा काढणे म्हणजे विहीर खणण्याआधी मोट शिवणे होय. आणि संस्था नेमा किंवा नेमू नका, हजेरीपटाचे रोज सकाळी गाडी सुटण्याआधी छायाचित्र काढून ते महापालिकेकडे ठेवा. माझ्या त्या प्रकरणात तेवढे एक छायाचित्र असते, तर ठेकेदाराला रजा लिहिताच आली नसती.