ऊन पाण्याच्या कुंडांपर्यंतची वाट: तुमचे अनुभव लिहा

नांदेड (धागा सुरू करणारी)

मागच्या वैशाखात मायला घेऊन हिमाचलातल्या मणिकर्णला, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर जाऊन आले. तेव्हापासून ज्या घरी जाईन तिथं कुणीतरी म्हणतंच, अशा कुंडावर आम्हीही गेलो होतो. कुणी उनकेश्वरला, कुणी यमुनोत्रीला, कुणी पार लडाखात. म्हणून हा धागा. डोंगर चढून, घाट ओलांडून ऊन पाण्यापर्यंत गेला असाल तर सविस्तर लिहा. रस्ता कसा होता, बरोबर कोण होतं, पाण्यात पाय सोडल्यावर काय वाटलं. हॉटेलांचे दर नंतर विचारू.

आधी माझं सांगते. माय 71 वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस धरली, अंबाल्याला उतरलो, तिथून बसनं कुल्लू. तिथं मुक्काम ठेवला आणि मधला एक अख्खा दिवस मणिकर्णसाठी राखला. भुंतरला पार्वती नदी बियासला मिळते. तिथून गाडी पार्वतीच्या खोऱ्यात वळली की रस्ता अरुंद होतो. एका अंगाला सरळ कडा, दुसऱ्या अंगाला खोल खाली पांढरी फेसाळ नदी. समोरून बस आली की दोघांपैकी एकाला मागं सरावं लागतं. जरी गाव येईपर्यंत मायनं डोळे उघडले नाहीत, तोंडानं रेणुकामातेचं नाव चालू. कसोल मागं पडलं आणि चारेक किलोमीटरवर एका वळणानंतर समोरच्या गावावर वाफेचा ढग दिसला. तेव्हा ती पहिल्यांदा खिडकीला नाक लावून बसली.

बर्फ वितळून आलेली नदी, आणि तिच्याच काठाला खडकातून उकळी फुटलेली. मणिकर्ण सुमारे 1760 मीटर उंचीवर आहे. तिथल्या काही झऱ्यांचं पाणी 90 अंशांच्या वर असतं, म्हणून अंघोळीच्या कुंडांत गार पाणी मिसळतात. लोक तांदळाच्या, हरभऱ्याच्या पुरचुंड्या दोरीला बांधून झऱ्यात सोडून उभे राहतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भातही याच पाण्याच्या आधणावर शिजतो. पंगतीत एका सेवादारानं विचारलं, कुठून आलात? नांदेड म्हटल्याबरोबर "हजूर साहिब!" म्हणत त्यांनी आधी मायला हात जोडले, मग पानात आणखी कढी वाढली. माय मला हळूच म्हणाली, "आपल्या गावच्या माणसावाणी करूलालेत गं."

बायकांच्या कुंडात ती पायरीवर बसली, कमरेपर्यंत पाण्यात. मी विचारलं, "माये, लई कढत हाय का?" डोळे मिटूनच म्हणाली, "न्हाई. बाळंतणीच्या न्हाणीवाणी हाय." चार बाळंतपणं झाली तिची, चारही माहेरी. आजी पहाटे चूल पेटवून पाणी तापवायची. त्यानंतर कुणी तिच्यासाठी इतकं पाणी तापवलं नव्हतं, हे मला त्या पायरीवर कळलं.

त्या रात्री ती कण्हली नाही. दुसऱ्या दिवशी गुडघे होते तसेच दुखत होते, हेही लिहून ठेवते, म्हणजे कुणी भलती आशा धरून आई-वडिलांना एवढ्या लांब नेणार नाही.

किनवट, भूगोलाचा शिक्षक

ताई, हिमालयाचं वाचलं. पण नांदेडकरांनी आधी आपलं उनकेश्वर पाहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहाटे निघायचं. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर अशी वाट. पावसाळा नुकताच सरला असेल तर इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा पाहून घ्या, पैनगंगा तिथं काळ्या कातळावरून कोसळते. किनवटच्या पुढे सागाचं जंगल लागतं. फाल्गुनात आलात तर पळस पेटलेला असतो. आमचे डोंगर हिमालयाएवढे उंच नाहीत, पण माहूरच्या घाटात सपाटीवरच्या माणसाचा श्वास फुलतोच. रेणुकेचं दर्शन, हातावर कुटलेल्या विड्याचा तांबूल, आणि मग उनकेश्वर.

आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणीच म्हणतात, त्यामुळं हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महादेवाचं देऊळ, शेजारी कुंडं, नाकाला गंधकाचा वास. शरभंग ऋषींच्या अंगावरचा रोग जावा म्हणून रामानं बाण मारून हे पाणी काढलं, असं म्हातारी माणसं सांगतात. यादवकाळातला शिलालेखही इथं आहे, म्हणजे सात-साडेसातशे वर्षं तरी माणसं इकडं येत आलीत.

दरवर्षी सहावीच्या मुलांना मी इथं आणतो. आधी पैनगंगेत हात घालायला लावतो, मग कुंडात. मग प्रश्न: खाली विस्तव आहे का? मुलं ज्वालामुखी म्हणतात. नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी उष्णता वाढत जाते. तापलेलं पाणी दुसरी मोकळी भेग सापडली की वर येतं, आणि लवकर वर आलं तर ऊन राहतं. हिमालयात दोन भूखंड एकमेकांवर रेटून खडक खूप खोलवर भंगलेत, म्हणून तिथं असे झरे जास्त आणि जास्त कढत.

एक सांगायचंच आहे. उनकेश्वरला त्वचेच्या रोगाची माणसं मोठ्या आशेनं येतात. त्यांच्याकडे टक लावून बघू नका, मुलांना ओढून बाजूला घेऊ नका. आणि कुंडात साबण, शाम्पूच्या पुड्या नेऊ नका. मागच्या सहलीत मुलांनी काठावरच्या पुड्या गोळा केल्या, पिशवी भरली. आणि हो, चांदी काढून ठेवा. गंधकानं माझ्या बायकोची जोडवी तासाभरात काळी पडली होती.

लातूर, डाळीचा व्यापारी

आम्ही चौघे मित्र लेहहून चुमाथांगला गेलो होतो. आधी लेहमध्ये तीन दिवस काही न करता काढले. ते फार गरजेचं आहे, लेहच मुळी 3500 मीटरवर. चौथ्या दिवशी पहाटे निघालो. उपशीला मनालीचा रस्ता सुटतो आणि आपण सिंधूचं बोट धरून वर जात राहतो. डोंगरावर एक झाड नाही. तांबडे, जांभळे, मधेच हिरवट दगड. आमच्या उजाड माळांची सवय असलेल्या डोळ्यांनाही ते उजाडपण झेपेना. सुमारे 140 किलोमीटर गेल्यावर नदीच्या काठालाच दगडांमधून वाफा निघताना दिसल्या. चुमाथांग. एका हातावर गोठवणारी सिंधू, दुसऱ्या हातावर बोट पोळेल असं पाणी.

मी हौसेनं घरची तूरडाळ पुरचुंडीत नेली होती. दोन तास ठेवली. टचटचीत राहिली. खानावळीतली बाई हसली आणि कुकरकडे बोट दाखवलं. 4000 मीटरच्या आसपास पाणी 87 अंशांनाच उकळतं, हवेचा दाबच कमी. उकळतं म्हणून शिजवतंच असं नाही. तीस वर्षं डाळीत काढली, हे मला तिथं समजलं.

दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आमच्याकडे रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 डबे होते. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात सहा माणसांना आठवड्याला एक टाकी. भांडी विसळलेल्या पाण्यानं संडास धुतलेला. चुमाथांगला मी त्या झऱ्यापाशी उकिडवा बसलो होतो. ना मोटार, ना बोअर, ना टँकर, पाणी आपणहून येतंय आणि वाहून जातंय. मित्र फोटो काढत होते. मला बराच वेळ उठताच येईना.

परभणी

आमचं थोडक्यात. यमुनोत्री, 3293 मीटर. बडकोटहून पहाटे निघून जानकीचट्टी, तिथून पाच-सहा किलोमीटर चढ, संध्याकाळी परत. भावजींनी घोडा केला, मी चालले. सूर्यकुंडात तांदळाची पुरचुंडी सोडली, काही मिनिटांत भात. तोच प्रसाद. शेजारच्या निवत्या कुंडात अंघोळ करून निघाले तर उतरताना पाय जणू माझे नव्हतेच, इतके हलके. बरोबर धपाटे आणि भुरका होता, पाचव्या दिवशीही चांगला.

अंबाजोगाई, परिचारिका

परभणीच्या ताई, अंघोळीनंतर लगेच उतरायला नको होतं. रागावत नाही, काळजीनं लिहिते.

मनालीजवळ वशिष्ठच्या कुंडात आमच्याच गटातल्या एक बाई वीस मिनिटं गळ्यापर्यंत बसल्या. उपास होता, सकाळपासून फक्त चहा. उठल्या आणि पायरीवरच कोसळल्या. ऊन पाण्यात रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो, आणि एकदम उभं राहिलं की मेंदूला रक्त पोचायला क्षणभर उशीर होतो. मी त्यांना आडवं करून पाय उंच धरले, थोड्या वेळानं शुद्ध आली. तोवर भोवती पन्नास माणसं, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली आणि कुणीही जागा सोडायला तयार नाही. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका. हवा येऊ द्या.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. आधी पाय, मग कंबर, मग छाती. हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल, पोटुशी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सगळ्यात जास्त जपायचं साखरेच्या रुग्णांना. त्यांच्या तळपायाला संवेदना कमी असते, पाणी पोळतंय हे कळतच नाही, आणि फोड घरी आल्यावर दिसतो. त्यांचा पाय आत जाण्याआधी आपला हात आत घाला.

औसा

लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं.

मी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, घेऊन मणिकर्णला गेले होते. त्या किल्लारीजवळच्या गावच्या. 30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला धरणी हलली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली त्यांचा धाकटा मुलगा गेला. तीन वर्षांचा होता. मी या घरात आले ती नंतर फार वर्षांनी.

मणिकर्णला पूल ओलांडून झऱ्यांकडे गेलो. तिथं फरशी तापलेली असते, अनवाणी पायाला चटका बसतो. खालून पाण्याचा सारखा खदखद आवाज. आत्या थांबल्या. माझा दंड धरला. म्हणाल्या, "पोरी, माघारी चल. भुई बोलायली." मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं, आदल्या वर्षी, म्हणजे 1992 ला, अशीच गुरगुर ऐकू यायची. धक्के बसायचे, लोक बाहेर झोपायचे, मग थांबलं म्हणून परत आत झोपायला लागले.

किनवटच्या सरांनी वर जे लिहिलंय ते मला तेव्हा ठाऊक असतं तर सांगितलं असतं, की हा आवाज नुसत्या पाण्याचा आहे. खरंतर सांगूनही उपयोग झाला नसता. आम्ही माघारी फिरलो. पुलाच्या अलीकडे एका दगडावर बसलो, गार वाऱ्यात. मी एकटीच जाऊन झऱ्याचं पाणी तांब्यात भरून आणलं, गार पाणी घालून सोसेल इतकं केलं. आत्यांनी आधी बोट बुडवलं, मग तळहात. बराच वेळ तसाच ठेवला.

उरलेलं पाणी त्यांनी सांडू दिलं नाही. बाटलीत भरायला लावलं. गाडीत ती बाटली पदरात धरून बसल्या होत्या. भुंतर आलं तेव्हा मला म्हणाल्या, "बघ बरं हात लावून." मी बाटलीला हात लावला. अजून कोमट होती.