कांद्याची निर्यातबंदी म्हणे पोषण धोरण!

गोणपाट (निफाड)

परवापासून एक पोस्ट फिरतेय, तुमच्यापैकी निम्म्यांनी पुढे ढकललीही असेल. मजकूर साधारण असा: ‘कांदा साठवर गेला की गरिबाच्या घरी भाजी शिजत नाही. निर्यातबंदी हे देशातलं सगळ्यात स्वस्त पोषण धोरण आहे. बागायतदारांनी रडगाणं आवरावं.’ खाली टाळ्याच टाळ्या. तिथे लिहायला घेतलं, फार लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

स्वस्त आहे, खरंच. सरकारला. एका रुपयाची तरतूद लागत नाही, अधिसूचना काढली की झालं. खर्च आमच्या पट्टीतून, म्हणजे माल विकल्यावर हातात येणाऱ्या पैशातून वजा होतो.

क्रम आठवा. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, त्याखाली बाहेर विकायचा नाही. ८ डिसेंबरला थेट बंदी, ‘३१ मार्चपर्यंत’ म्हणून. ती उठली ४ मे २०२४ ला, आणि उठतानाही ५५० डॉलरचा उंबरा आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. मधल्या काळात लाल कांदा गेला, उन्हाळी गेला, साठवणीच्या चाळीतला सडून गेला. बंदीची बातमी आली त्या आठवड्यात माझ्या ट्रॅक्टरला मिळालेला भाव आधीच्या भावाच्या निम्म्यावर होता. कांदा तोच, शेडही तेच.

आता पोषण. २०१२ पायाभूत धरलेल्या महागाई निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के. शंभराच्या खर्चात चौसष्ट पैसे. पाच माणसांचं घर महिन्याला पाच किलो कांदा खातं असं धरा. तीसचा साठ झाला तर दीडशे रुपये वाढले. आणि कांद्यातून पोटात जातं काय? चव, पाणी, थोडं क जीवनसत्त्व. प्रथिनं डाळीत, दुधात, अंड्यात. त्यांच्याबद्दल त्या पोस्टमध्ये अवाक्षर नाही, कारण १९९८ ला दिल्लीची सत्ता कांद्यावरून गेली, अंड्यावरून नाही.

ओईसीडी ही विकसित देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था, त्यांचा २०१८ चा अहवाल ज्यांनी वाचलाय त्यांना सांगायला नको. खत, वीज, हमीभाव सगळं जमेला धरूनही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात शेतकऱ्याला मिळालेला आधार त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के, म्हणजे दिलं त्यापेक्षा काढून जास्त घेतलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ‘उणे सबसिडी’ म्हणायचे तेव्हा हसणारे आता कुठे आहेत? गरिबाला जेवू घालायचंय ना, घाला. अर्थसंकल्पातून घाला.

कल्याण_स्लो

आली, संघटनेची जुनी कॅसेट आली.

दीडशे रुपये म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही ट्रॅक्टरवर बसून म्हणताय. आकडे तुम्हीच काढलेत तर पुरे काढा. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागातल्या तळच्या पाच टक्के लोकांचा माणशी महिन्याचा खर्च १,६७७ रुपये आहे. पाच माणसांचे झाले ८,३८५. तुमचे दीडशे त्याच्या जवळपास दोन टक्के. आणि कांदा एकटा महागत नाही, त्याच्या जोडीला टोमॅटो-बटाटा असतोच. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी २०२३ च्या त्या टोमॅटो महागलेल्या महिन्यात रोज चटणी-चपाती आणायच्या डब्यात. विचारलं तर म्हणाल्या, ‘भाजी पोरांना देते.’ आता तुमचे चौसष्ट पैसे त्यांना समजावून सांगा.

शिवाय ‘शेतकरी’ म्हणजे सगळे कांदा विकणारे, हा भ्रम काढा. शेतमजूर कांदा विकत घेतो. दोन एकरवालासुद्धा वर्षातले अनेक महिने विकतच घेतो.

गोणपाट (निफाड)

मावशींना साठ रुपयांनी कांदा मिळाला त्यातले मला किती मिळाले, हे विचारलंत कधी? रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासात ग्राहकाच्या एका रुपयातला कांदा उत्पादकाचा वाटा ३६ टक्के निघालाय. साठातले साडेएकवीस. उरलेले साडेअडतीस कुठे गेले ते शोधायला कुणी अधिसूचना काढत नाही. आणि मजुराचं म्हणाल, तर आमच्याकडे लागवडीची टोळी उक्त्यावर येते. बंदीनंतरच्या हंगामात माझ्या भावकीत दोघांनी लागवड निम्म्यावर आणली. त्या टोळीतल्या बायांची मजुरी बुडाली ती कुठल्या पाहणीत येते?

डेक्कनचा_पीएचडी

दोघांचंही अर्धं बरोबर आहे, म्हणून भांडण मिटणार नाही. प्रश्न जुना आहे. अर्थतज्ज्ञ अँगस डीटननी थायलंडच्या तांदळावर १९८९ मध्ये हेच मांडलं होतं: भाव वाढला की कोण जिंकतं हे त्या घराची विक्री उणे खरेदी किती यावर ठरतं. मजुरी मागाहून वाढते, पण वाढते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत कल्याणकर बरोबर आणि दोन वर्षांत निफाडकर.

मात्र ‘भाव पाडले की पोषण सुधारतं’ याला आधार तोकडा आहे. डीटन आणि ज्याँ द्रेझ यांनी २००९ मध्ये दाखवलं की भारतात उत्पन्न वाढत असताना माणशी उष्मांक उलट घटत गेले. अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथांनी १९७१ मध्ये उष्मांकांवर दारिद्र्यरेषा बसवली, तेव्हापासून आपण पोट मोजतोय, ताट मोजत नाही. ताट मोजायला गेलं तर आणखी पंचाईत. सकस आहार न परवडणारे भारतीय एका जागतिक अहवालात ७४ टक्के, पुढच्या वर्षीच्या अहवालात ५५.६. वर्षभरात कुणाचं जेवण सुधारलं नाही, मोजायची पद्धत बदलली.

औसेकर

पीएचडी सर, थायलंडचा तांदूळ राहू द्या, आमच्या तुरीचं सांगा की.

२०१५ ला तूरडाळ दोनशे झाली. सगळ्यांनी ओरडा केला, सरकारनं सांगितलं तूर लावा. आम्ही लावली. तिकडं २०१६ ला मोझांबिकशी आयातीचा करार. २०१७ ला तूर निघाली तर हमीभाव क्विंटलला ५,०५० आणि बाजारात चार हजारांच्या मागंपुढं. खरेदी केंद्राच्या बाहेर पोत्यावर झोपून रात्री काढल्यात आम्ही, वर बारदाना नाही म्हणून केंद्र बंद. मग मे २०२१ पासून तुरीची आयात मर्यादेविना खुली, मुदत संपत आली की वाढवायची. कांद्याला जायची बंदी, तुरीला यायची मोकळीक. दोन्हीकडून आम्हीच मार खायचा आणि वर तुम्ही पोषण म्हणायचं.

निफाडकर दादा, तुमच्या कांद्यासाठी निदान संसदेत बोलतात. सोयाबीनचं कोण बोलतंय?

सातपुड्याची_सेविका

सगळ्या दादांना नमस्कार. मी अंगणवाडी चालवते, नंदुरबारात धडगावच्या बाजूला. इथलं बोलणं वाचून गंमत वाटली. आमच्या पाड्यावर कांदा वीस आहे की साठ, यावर कुणाचं वजन ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं आधी ३४.४ टक्के होती, २०१९-२१ ला ३५.२. वाढली. त्या काळात रेशनचा तांदूळ-गहू मिळतच होता. मग कमी काय पडलं?

मला विचाराल तर अंडं. अमृत आहार योजनेत आमच्याकडे पोरांना अंडी किंवा केळी आहेत, आणि अंड्याच्या दिवशी हजेरी बघा. तीच पोरं शाळेत गेली की संपलं. नोव्हेंबर २०२३ ला शाळेत आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जानेवारी २०२५ ला निधी काढून घेतला. म्हणे लोकवर्गणीतून द्या. आमच्या पाड्यावर वर्गणी कोण देणार? सगळे ऊसतोडीला नाहीतर गुजरातेत.

भाकरी_भक्त

ताई, तुमच्या कामाला नमस्कार, पण अंडं अंडं काय लावलंय? आपल्या मातीत नाचणी आहे, कुळीथ आहे, राजगिरा आहे. नाचणीत दुधापेक्षा जास्त कॅल्शियम. पिढ्यान्‌पिढ्या माळकरी घरातली माणसं शेतात राबली, ती काय कुपोषित होती? सरकारी ताटात मांसाहार घालून लोकांच्या श्रद्धेवर पाय द्यायची गरज नाही. निधी काढला ते योग्यच केलं.

सातपुड्याची_सेविका

‘अंडी किंवा केळी’ लिहिलंय वर, वाचलं नाहीत. ज्याला नको त्याला केळं आहेच. सक्ती कुणी केली? तुमच्या घरातल्याने खाऊ नये, आमच्या पावरा आदिवासींच्या पोरानेही खाऊ नये, अशी ही श्रद्धा आहे का? आमच्या देवाला कोंबडा चालतो, दादा.

नाचणी चांगली. पण दीड-दोन वर्षांच्या पोराचं पोट केवढं? त्यात किती भाकरी जाणार? आणि बी-१२ नाचणीत नाही, कुळथात नाही. राबलेल्या माळकरी आजोबांच्या घरी दुभती म्हैस होती, ते सांगायचं राहिलं तुमचं.

भाकरी_भक्त

भाषा जपून. देवाधर्मावर घसरायचं कारण नव्हतं.

कल्याण_स्लो

श्रद्धेवर पहिल्यांदा कोण घसरलं ते वर लिहिलेलं आहे. ताई, तुम्ही बोला.

औसेकर

अंड्याला माझा विरोध नाही, पोरांना रोज द्या. पण अंडं स्वस्त कशावर होतं हेपण ऐका. कोंबडी खाते मका आणि सोयापेंड. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलं, आयुष्यात पहिल्यांदा. पोल्ट्रीवाल्यांनी दिल्ली गाठली. ऑगस्टात १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी, तीपण जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची. आम्ही जीएम बी लावलं तर गुन्हा, बाहेरच्या जीएमची पेंड मात्र चालते! आमचं पीक निघायच्या वेळेला भाव निम्म्यावर. २०२४ ला हमीभाव ४,८९२ आणि आडतीवर चार हजारसुद्धा धड नाही.

तुमच्या स्वस्त अंड्यात आमची सोयाबीनची पट्टी फोडून घातलीय, ताई. कांद्याचं गणित तेच, फक्त कोंबडी मधी आली.

सातपुड्याची_सेविका

मग काय करू? पोराला सांगू, लातूरच्या दादांचा भाव पडतोय, आज अंडं नको?

औसेकर

चिडू नका. अंडं महाग झालं तर सरकारनं जास्त पैसे द्यावेत, एवढंच म्हणतोय. शाळेच्या अंड्यांसाठी वर्षाला ५० कोटी लागत होते म्हणतात. ते परवडेना, आणि आमच्या पेंडीत हजारो शेतकऱ्यांचं पाडलेलं मोल मात्र परवडतं, कारण ते कागदावर दिसत नाही.

गोणपाट (निफाड)

हेच! हेच मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं.

कल्याण_स्लो

तुम्ही कांद्यावर लिहिलं होतं. औसेकरांनी ते समजेल असं लिहिलं, हा फरक आहे.

पण एक सांगा. अर्थसंकल्पातून द्या, द्या, म्हणताय. दिलं तेव्हा काय दिलं? २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल. ‘आनंदाचा शिधा’. पोषणाच्या नावानं रवा-साखर! भाव पाडणं वाईट असेल, पण ते मावशींपर्यंत त्याच आठवड्यात पोचतं. तुमचं अनुदान आधार जोडणीत अडकतं.

देरा_दुबई

मूळचा येवल्याचा, इथे सुपरमार्केटच्या खरेदीत आहे. बंदीच्या काळात आमच्या रॅकवर पाकिस्तानी आणि इजिप्तचा कांदा आला. बंदी उठल्यावर गिऱ्हाईक परत आलं, पण सगळं नाही. घाऊकवाला म्हणतो, तुमचं सरकार कधी दार लावेल सांगता येत नाही, दुसरा पुरवठादार हाताशी ठेवलेला बरा. ह्याचा हिशेब कुणी पीएचडी करणार असेल तर सांगा.

डेक्कनचा_पीएचडी

करतात, पण तो छापून येईपर्यंत पुढची बंदी आलेली असते. तांदळाचं बघा. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा साधारण ४० टक्के आणि जुलै २०२३ ला बिगरबासमती पांढरा तांदूळ बंद केला, सव्वा वर्षानं उघडला. त्याची झळ आफ्रिकेतल्या आयातदार देशांतल्या गरिबाच्या ताटाला बसली. पोषणाची काळजी सीमेपाशी थांबते.

भाकरी_भक्त

आधी आपल्या गरिबाचं बघा, मग आफ्रिका. आणि अंड्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की का नको, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

सातपुड्याची_सेविका

चिक्की द्या. अंडं पण द्या. दोन्ही द्यायचे म्हटलं की गप्प होता तुम्ही लोक. चिक्की-भक्तांनी महिन्याला एका वर्गाची वर्गणी उचलावी, पत्ता मी देते.

कल्याण_स्लो

बरं, गोणपाट साहेब, एवढं मान्य. निर्यातबंदी हे पोषण धोरण नाही. ते निवडणूक धोरण आहे, आणि २०२४ च्या लोकसभेला तुमच्या दिंडोरी आणि नाशिकनं त्याची परतफेडही केली. मात्र मावशींच्या त्या महिन्याला तुमच्याकडे उत्तर नाही, हे तुम्हीही मान्य करा.

गोणपाट (निफाड)

आहे उत्तर. रेशनवर तूरडाळ, औसेकरांकडून हमीभावानं घेतलेली. कांद्याला हात लावायची गरज नाही.

औसेकर

हमीभावानं घेणार कोण? २०२४ च्या हंगामात बारा टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून माझं सोयाबीन परत पाठवलं. पंधरापर्यंत चालेल असा आदेश निघाला नोव्हेंबरात, तोवर मी आडतीला घालून मोकळा. आधी त्या ओलावा मोजायच्या यंत्राचं कायतरी करा, मग रेशनचं बघू.